साडेसहा इंची सिप पॅनेल: भिंतीला पास, छपराला अटींवर

अमेरिकेत प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं की टू-बाय-सिक्सच्या लाकडी फ्रेमच्या जोडीला सिप पॅनेलच्या (स्ट्रक्चरल इन्सुलेटेड पॅनेल) किटचंही कोटेशन समोर येतं. हे परीक्षण त्यातल्या सर्रास दिसणाऱ्या मापाचं आहे: दोन्ही बाजूंना ओएसबी (लाकडाच्या चपट्या दाबून केलेला बोर्ड), मधे पांढरा ईपीएस फोम (थर्माकोल), एकूण जाडी साडेसहा इंच, खिडक्या-दारांची भोकं कारखान्यातच कापून येणारं किट. हे कुठल्या एका कंपनीचं परीक्षण नाही. याच रचनेचं पॅनेल बरेच कारखाने बनवतात. हाताला सगळे सारखेच लागतात, फरक असतो तो कागदपत्रांत आणि जॉइंटच्या ड्रॉइंगमध्ये.

निकाल आधीच सांगून टाकू. दुमजली घराच्या बाहेरच्या भिंतींसाठी माल चांगला आहे, बिनधास्त घ्या. छपरासाठी घ्यायचा तर वेगळं इंजिनिअरिंग लागतं, आणि ते करायची तयारी नसेल तर छप्पर ट्रसचंच (लाकडी त्रिकोणी कैच्यांचं) ठेवा. बे एरिया किंवा सिएटलकडच्या भूकंपाच्या पट्ट्यात असाल तर पॅनेलचा मूल्यमापन अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय एक डॉलर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

माल कसा आहे

ओएसबी 7/16 इंच, म्हणजे 11 मिलिमीटर. फोमचा गाभा 5-5/8 इंच. टू-बाय-सिक्स लाकूड प्रत्यक्षात 5-1/2 इंच रुंद भरतं. पॅनेलच्या कडेचा फोम खरवडून तिथे ते लाकूड बसवायचं असतं, म्हणून अष्टमांश इंचाची सवलत ठेवलेली. याच हिशेबाने 4-1/2, 8-1/4, 10-1/4 आणि 12-1/4 इंची पॅनेल येतात. लांबी-रुंदी 4 बाय 8 फुटांपासून 8 बाय 24 फुटांपर्यंत. साडेसहा इंची पॅनेलचं वजन चौरस फुटाला साडेतीन पौंडांच्या आसपास, म्हणजे 8 बाय 24 चा एक तुकडा साधारण 670 पौंड. चार माणसं लावून तो उभा करू, असं कुणी म्हणत असेल तर क्रेनचं भाडं कोटेशनमध्ये धरलेलं नाही असं समजा.

भार घेतात त्या दोन ओएसबीच्या चादरी. फोम त्यांना एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतो आणि गोंद दोघींना फोमशी बांधतो. पुढे जे काही बिघडतं ते बहुतेक याच एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे: चादर कापली की खांब कापला.

कल्पना जुनी आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने 1935 मध्येच अशा चादरींवर भार घेणाऱ्या पॅनेलचं घर उभं केलं होतं. फोमचा गाभा 1952 मध्ये वास्तुविशारद अल्डन डाऊ यांनी मिशिगनमध्ये आणला. घरबांधणीच्या कोडमध्ये मात्र सिपला स्वतःचं कलम मिळायला 2007 ची पुरवणी उजाडावी लागली. 2009 च्या आवृत्तीत ते आर 613 होतं, 2015 पासून आर 610 आहे. जुन्या ड्रॉइंगवर 613 दिसलं तर ड्रॉइंग दुसऱ्या कुठल्या घरावरून उचललेलं आहे, हे ओळखायला तेवढी खूण पुरते.

आर 610 मध्ये काय बसतं

इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे आयआरसी, या कलमात एक सोपी वाट देतो: ठरलेल्या मर्यादांच्या आत राहा, तक्त्यातून जाडी निवडा, इंजिनिअरचा शिक्का लागत नाही. मर्यादा अशा. इमारत जास्तीत जास्त 60 फूट बाय 40 फूट, यातले 40 फूट जॉइस्ट (मजल्याच्या तुळया) किंवा ट्रसच्या दिशेने. मजले दोन, प्रत्येक भिंत 10 फुटांपेक्षा उंच नाही. वाऱ्याचा डिझाइन वेग एक्स्पोजर बी (घरं-झाडांनी अडलेला परिसर) असेल तर ताशी 155 मैल, एक्स्पोजर सी (मोकळं मैदान) असेल तर 140. जमिनीवरच्या बर्फाचा भार चौरस फुटाला 70 पौंडांपर्यंत. भूकंपाचा वर्ग ए, बी किंवा सी.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉयमधली नेहमीची दुमजली घरं यात आरामात बसतात. टेक्सासमध्ये आतल्या भागात अडचण नाही, पण गल्फच्या काठावर पाण्याला लागून प्लॉट असेल तर एक्स्पोजर डी होतो आणि कलमच लागू होत नाही. 10 फुटांची भिंतीची मर्यादा मात्र भल्याभल्यांना अडवते. दिवाणखाना दुमजली उंचीचा हवा, ही आपल्याकडची लाडकी मागणी. ती भिंत 17-18 फुटांची होते आणि तेवढ्या एका भिंतीसाठी इंजिनिअर आणावा लागतो. आणा. सगळं घर त्याच्याकडून काढून घ्यायची गरज नाही. आर 610 च्या बाहेर पडणारा भाग तेवढा त्याने डिझाइन करून शिक्का मारला तरी चालतं.

कॅलिफोर्नियाचा किनारा, सिएटल, पोर्टलंड इथे भूकंपाचा वर्ग डी किंवा ई येतो, त्यामुळे आर 610 ची वाट सुरुवातीलाच बंद. मग उरतो कारखान्याचा मूल्यमापन अहवाल. आयसीसी-ईएससारख्या संस्था सँडविच पॅनेलसाठी एसी 04 नावाच्या निकषांवर हे अहवाल देतात. अहवाल आहे म्हणजे भूकंपही त्यात आला, असं नाही. कित्येक अहवालांत ‘वापराच्या अटी’ या शेवटच्या भागात स्पष्ट लिहिलेलं असतं की शिअर वॉल (आडवा धक्का घेणारी भिंत) म्हणून वापर फक्त ए, बी, सी वर्गांत. काहींनी डी ते एफसाठी वेगळ्या चाचण्या करून घेतलेल्या असतात, पण तेव्हा खिळ्यांचं अंतर, कडेचं लाकूड, होल्ड-डाउन (भिंत पायाला घट्ट धरणारे लोखंडी ब्रॅकेट) हे सगळं चाचणीत होतं तसंच्या तसं लावावं लागतं. सेल्समन पहिलं पान दाखवतो. तुम्ही शेवटचं मागा.

सोप्या वाटेने जायचं तरी पॅनेलवर शिक्का हवाच: एएनएसआय/एपीए पीआरएस 610.1 या मानकाचा आणि तपासणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेच्या नावाचा. तो ओएसबीवर छापलेला असतो. ओएसबीच्या कारखान्याचा स्वतःचाही एक शिक्का त्याच चादरीवर असतो, पीएस 2 चा. तो फक्त बोर्डाची हमी देतो, चिकटवलेल्या पॅनेलची नाही. ट्रक आल्या आल्या दोन्ही शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा, कारण बाहेरून हाउसरॅप (पाणी अडवणारं आवरण) चढला आणि आतून ड्रायवॉल (जिप्सम बोर्ड) लागला की इन्स्पेक्टरला दाखवायला काही उरत नाही.

ऊर्जेचा हिशेब: इथे माल जरा कमी पडतो

माहितीपत्रकावर साडेसहा इंची पॅनेलला कुठे आर-21 लिहिलेलं सापडेल, कुठे आर-24 (आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, जास्त तेवढी चांगली). दोन्ही खरं असू शकतं. मोजताना तापमान कोणतं होतं त्यावर आकडा बदलतो. थंडीत ईपीएसचा रोध वाढतो, म्हणून 40 अंश फॅरनहाइटचा आकडा देखणा दिसतो. ग्राहकाला सांगायचा आकडा 75 अंशांचा असतो, आणि त्या तापमानाला साधा पांढरा ईपीएस इंचाला 3.6 देतो.

मांडून बघा. फोमचे 20.25, दोन ओएसबीचे मिळून साधारण 1, ड्रायवॉल 0.45, आतल्या-बाहेरच्या हवेच्या थरांचे 0.85, साइडिंगचे थोडे. बेरीज 23 च्या आसपास, म्हणजे यू-फॅक्टर (आरचा व्यस्त, कमी तेवढा चांगला) 0.043. 2021 च्या ऊर्जा कोडमध्ये हवामान विभाग 4 पासून पुढे लाकडी भिंतीला 0.045 हवा. पास झालं असं वाटतं, पण ही बेरीज निव्वळ फोमच्या भागाची आहे. वरची-खालची प्लेट, खिडक्यांच्या कडेची लाकडं, कोपरे यांचा वाटा भिंतीच्या 8 टक्के धरला आणि त्या जागी यू 0.1 धरला, तरी सरासरी 0.047 ते 0.048 वर जाते. काठावर नापास.

न्यू जर्सी विभाग 4 आणि 5 मध्ये येतं, त्यामुळे तिथल्या वाचकांनी हे आधीच धरून चालावं. तीन सुटका आहेत. राखाडी, म्हणजे ग्रॅफाइट मिसळलेला ईपीएस मागा. जाडी तीच राहते आणि आर-व्हॅल्यू बऱ्यापैकी वाढते. किंवा सव्वाआठ इंची पॅनेल घ्या, पण मग खिडक्यांना जाड एक्स्टेन्शन जॅम्ब (चौकटीच्या जादा फळ्या) लागतात आणि सुताराचं बिल वाढतं. किंवा एकूण यूए पद्धतीने हिशेब द्या: भिंतीत जे उणं पडलं ते जास्त चांगल्या खिडक्यांनी किंवा छपराच्या जाड इन्सुलेशनने भरून काढायचं. तिसरा मार्ग बहुधा सगळ्यात स्वस्त पडतो. राज्याने कोडची कोणती आवृत्ती स्वीकारली आहे ते टाउनशिपच्या ऑफिसात विचारूनच हा हिशेब करा. जुन्या आवृत्तीच्या राज्यांत, विभाग 4 आणि 5 मध्ये, साडेसहा इंची पॅनेल आरामात पास होतं.

साइटवर काय चुकतं

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्या दिवशीच होते, पायाच्या सिलवर (काँक्रीटवरच्या पहिल्या लाकडी पट्टीवर). फ्रेमिंग करणाऱ्या गँगला टू-बाय-सिक्सची सवय. ते काँक्रीटवर 5-1/2 इंची ट्रीटेड पट्टी टाकतात, तीवर पॅनेल उभं करतात, आणि बाहेरची ओएसबी एक इंचभर हवेत लटकत राहते. दिसायला काहीच वावगं नाही. पण भार घेणाऱ्या दोन चादरींपैकी एक आता कशावरच टेकलेली नाही. छपराचा आणि वरच्या मजल्याचा भार खिळे आणि गोंद यांच्यावर येतो. बरोबर रचना अशी: खाली टू-बाय-एट ट्रीटेड लाकूड 6-1/2 इंचांना चिरून टाकायचं, म्हणजे दोन्ही चादरी त्याच्यावर पूर्ण टेकतात. त्याच्यावर 5-1/2 इंची प्लेट, जी पॅनेलच्या खरवडलेल्या खाचेत घुसते. अँकर बोल्ट अर्धा इंची, जास्तीत जास्त 6 फुटांवर, काँक्रीटमध्ये किमान 7 इंच आणि प्लेटच्या प्रत्येक टोकापासून 12 इंचांच्या आत. हे सगळं पॅनेल उभं राहायच्या आधी टेप लावून तपासता येतं. नंतर नाही.

जॉइंट दोन तऱ्हांचे असतात. सरफेस स्प्लाइन म्हणजे दोन्ही चादरींच्या आतून ओएसबीची पट्टी सरकवायची. ब्लॉक स्प्लाइन म्हणजे पट्टीऐवजी बारीक सिपचाच तुकडा. दोन्हींत मधे सलग लाकूड येत नाही, त्यामुळे थंडी आत येत नाही. काही बिल्डर जॉइंटला सरळ टू-बाय-सिक्स घालतात. ताकद वाढते, पण दर 4 फुटांवर थंडीचा पूल तयार होतो आणि वरचा यू-फॅक्टरचा हिशेब आणखी बिघडतो. जिथे बीम टेकतो तिथे लाकूड हवंच. बाकी ठिकाणी आग्रह धरा की घालू नका.

खिळे दोन्ही बाजूंनी 6 इंचांवर. आतल्या बाजूचे खिळे विसरणं हा नेहमीचा प्रकार, कारण बाहेर इन्स्पेक्टर फिरतो आणि आत अंधार असतो. दुसरा प्रकार नेलगनचा दाब. ओएसबी 7/16 इंचच आहे. खिळ्याचं डोकं अष्टमांश इंच आत रुतलं तर त्याच्याखाली उरलेला बोर्ड पुरेसा नसतो. डोकं पृष्ठभागाशी सपाट बसलं पाहिजे. कॉम्प्रेसरचा दाब एकदा लावून दिवसभर तोच ठेवू नका. सकाळच्या ओल्या लाकडात आणि दुपारच्या कोरड्यात फरक पडतो.

भोकांबद्दल कोड स्पष्ट आहे. वायरिंगसाठी आडव्या नळ्या (फोममधले लांब पोकळ मार्ग) प्रत्येक पॅनेलमध्ये जास्तीत जास्त दोन: एक तळापासून 14 इंचांवर, एक मध्यावर. म्हणजे प्लगचे बॉक्स आणि स्विचचे बॉक्स. उभ्या नळ्यांची कुठलीही बाजू 2 इंचांपेक्षा मोठी नाही, त्या फोमच्या मधोमध, एकमेकींपासून किमान 24 इंचांवर. चादरीतलं कुठलंही भोक 12 इंचांपेक्षा मोठं नाही. म्हणून इलेक्ट्रिशियनला किटची ऑर्डर जायच्या आधी बोलवा, नंतर नाही. देवघरातला दिवा, गॅरेजमधला कार चार्जर, डोअरबेल हे सगळं तेव्हाच ठरलं पाहिजे. पाण्याचे पाइप बाहेरच्या सिप भिंतीत नकोतच.

आणि ओव्हरकट. साइटवर खिडकीचं भोक वाढवायचं असलं की सुतार सर्क्युलर सॉ कोपऱ्याच्या पुढे दोन-तीन इंच नेतो, कारण गोल पात्याने आतली चादर पूर्ण कापली जात नाही. साध्या फ्रेमच्या घरात ही चीर साइडिंगखाली झाकली जाते आणि बिघडत काही नाही. सिपमध्ये ती चीर नेमकी तिथे असते जिथे खिडकीच्या वरचा भार बाजूला वळतो. कोडमध्ये ओव्हरकटला सरळ बंदी आहे. कोपरे हाताच्या करवतीने किंवा जिगसॉने पूर्ण करायला लावा. दर खिडकीमागे पाच मिनिटं जास्त जातात.

हेडरचं (भोकावरच्या तुळईचं) थोडक्यात: 4 फुटांपर्यंतच्या भोकावर सिपचाच सलग, बिनजोडाचा तुकडा हेडर म्हणून चालतो. त्यापुढे, म्हणजे 6 किंवा 8 फुटी पॅटिओ दरवाजा असेल तर, नेहमीचा लाकडी किंवा एलव्हीएल (थर चिकटवून केलेलं लाकूड) हेडर आणि खाली त्याला टेकू देणारे जॅक स्टड.

ड्रायवॉल: सगळ्यात जास्त रेड टॅग (इन्स्पेक्टरचा नकार) इथेच

फोमला आतून थर्मल बॅरिअर (आगीची धग काही वेळ अडवणारा थर) लागतो, 2021 च्या आवृत्तीत कलम आर 316.4. अर्धा इंची जिप्सम बोर्ड पुरतो. पॅनेलची आतली ओएसबी त्यात धरली जात नाही: लाकडी बोर्डाने काम भागवायचं तर तो 23/32 इंच हवा, आपला 7/16 आहे. ज्या खोल्यांत ड्रायवॉल लागणारच आहे तिथे हे आपोआप होतं. अडतं ते जिथे कुणी बघत नाही तिथे. बाथटब बाहेरच्या भिंतीला लावायचा असेल तर त्याच्या मागे बोर्ड आधी, टब नंतर. टब बसल्यावर तिथे हात जात नाही. जिन्याची कड बाहेरच्या भिंतीला लागत असेल तर तिच्या मागेही. किचनच्या कॅबिनेटमागे, फॉल्स सीलिंगच्या वर राहणाऱ्या भिंतीच्या पट्ट्यावर, इलेक्ट्रिक पॅनेलच्या मागे. गॅरेज ‘अनफिनिश्ड’ ठेवायचं ठरवलं तरी सिपच्या भिंती तशा उघड्या ठेवता येत नाहीत.

एक सवलत आहे. ज्या अ‍ॅटिकमध्ये माणूस फक्त दुरुस्तीपुरता शिरतो, तिथल्या गेबल भिंतीला (छपराच्या टोकाची त्रिकोणी भिंत) थर्मल बॅरिअरऐवजी हलका इग्निशन बॅरिअर चालतो, आणि त्याला पाव इंची लाकडी बोर्डही पुरतो. तिथे 7/16 ओएसबी पास. पण त्याच अ‍ॅटिकमध्ये बॅगा आणि गणपतीच्या मखराचं सामान ठेवायला फळ्या टाकल्या की ती साठवणीची जागा झाली, आणि सवलत गेली.

बाजूच्या हद्दीपासून भिंत 5 फुटांच्या आत येत असेल आणि घरात स्प्रिंकलर नसतील, तर एक तासाची आगरोधक भिंत हवी. तिथे अर्धा इंची बोर्डाने भागत नाही. कारखान्याकडे त्या जाडीच्या पॅनेलची, ठरावीक टाइप एक्स बोर्डांसकट, चाचणी झालेली रचना असली पाहिजे. नसेल तर त्या बाजूची भिंत साध्या फ्रेमची करा.

छप्पर

आर 610 फक्त भिंतींचं कलम आहे. किटमध्ये छपराचे पॅनेल असतात म्हणून तेही त्यात येतात असं बऱ्याच जणांना वाटतं, येत नाहीत. छपरासाठी मूल्यमापन अहवालातले स्पॅनचे तक्ते आणि इंजिनिअर, दोन्ही लागतात. फोमवर महिनोन् महिने बर्फाचा किंवा सोलर पॅनेलचा भार राहिला तर तो हळूहळू खचतो, आणि हे खचणं लाकडाच्या हिशेबात नसतं. तक्ता वाचताना थोड्या काळाच्या भाराचा रकाना आणि कायमच्या भाराचा रकाना वेगळे आहेत का ते बघा.

पण सिपचं छप्पर भाराने पडल्यापेक्षा कुजल्याची उदाहरणं जास्त बोलकी आहेत. अलास्कातल्या जुनोमध्ये 2001 च्या सुमारास सिपच्या छपरांची वरची ओएसबी जॉइंटच्या रेषेत मऊ पडलेली सापडली. पॅनेलचा मधला भाग धडधाकट. कुजलं ते फक्त जॉइंटवर, त्यातही शिखराकडे जास्त. कारण साधं: घरातली उबदार दमट हवा वर चढते, नीट न भरलेल्या जॉइंटमधून बाहेर निघू पाहते, वरच्या थंड चादरीच्या आतल्या बाजूला तिचं पाणी होतं, आणि शिंगल्स ते बाहेर सुकू देत नाहीत. हिवाळ्यामागून हिवाळा तेच.

त्यामुळे छपराच्या प्रत्येक जॉइंटला मॅस्टिकच्या (चिकट सीलंटच्या) रेघा ड्रॉइंगमध्ये जितक्या दाखवल्या आहेत तितक्या पडल्याच पाहिजेत, आणि आतून, खोलीच्या बाजूने, सिप टेप सलग फिरली पाहिजे, शिखराच्या बीमवरूनही. बीमवरची टेप त्याच्यावर पॅनेल ठेवायच्या आधी टाकावी लागते, नंतर ती तिथे जाऊ शकत नाही. ही एक गोष्ट बिल्डरकडून लेखी घ्या. शिंगल्सखाली हवेची फट ठेवली तर उत्तम. रिसेस्ड (आत गाडलेले) दिवे छपराच्या पॅनेलमध्ये अजिबात नकोत.

आतून लाकडी फळ्यांचं सीलिंग हवं असेल तर आधी इन्स्पेक्टरशी बोला. छपराच्या रचनेत थर्मल बॅरिअरची सूट मिळते ती 15/32 इंची बोर्ड किंवा खाच-जीभ असलेल्या फळ्यांनी फोम झाकला असेल तर. आपली चादर 14/32, म्हणजे एक बत्तिसांश इंचाने कमी. तेव्हा सगळी मदार फळ्यांवर येते. कुणी त्या मान्य करतो, कुणी मधे जिप्सम लावायला सांगतो, आणि हे फळ्या लागल्यानंतर कळलेलं परवडत नाही.

हवा आणि फोडणी

2021 चा ऊर्जा कोड विभाग 3 पासून पुढे ब्लोअर डोअर चाचणीत (दारात पंखा लावून घराची गळती मोजतात) 50 पास्कलला तासाला 3 हवाबदल एवढीच गळती मान्य करतो. नीट जोडलेलं सिपचं घर याच्या बरंच खाली जातं. हा मालाचा सगळ्यात मोठा गुण, आणि त्याची किंमतही इथेच चुकवावी लागते: यांत्रिक वायुवीजन सक्तीचं. दमट उन्हाळ्याच्या प्रदेशात ईआरव्ही (हवा बदलताना उष्णता आणि ओल सावरणारं यंत्र) घ्या. एसीवाल्याला मॅन्युअल जे (घराला किती एसी लागेल ते काढायची रीत) पद्धतीने हिशेब करायला लावा. नेहमीच्या अंदाजाने बसवलेला एसी इथे मोठा पडतो, दहा मिनिटं चालून बंद होतो आणि घर थंड पण ओलसर राहतं.

मराठी स्वयंपाकघरात चिमणी दणकट लागते हे खरंच. पण 400 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) पुढची चिमणी आणि घरात नैसर्गिक ओढीवर धूर सोडणारा गॅसचा वॉटर हीटर अशी जोडी असेल तर आयआरसी बाहेरून भरपाईची हवा आणायला सांगतो. गळक्या घरात ती हवा फटींतून यायची. इथे फटीच नाहीत, त्यामुळे चिमणी वॉटर हीटरचा धूर उलटा घरात ओढते. डायरेक्ट व्हेंट (हवा बाहेरूनच घेणारा) किंवा इलेक्ट्रिक हीट पंप वॉटर हीटर घेतला की प्रश्नच संपतो. चिमणीचा 8 इंची पाइप भिंतीतून न्यायला 12 इंचांच्या नियमात बसतो, पण जागा कारखान्याच्या ड्रॉइंगवर आधी दाखवा.

बाकीचं

ओएसबी जमिनीपासून किमान 8 इंच वर ठेवा. फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियाना, टेक्सासचा आग्नेय भाग अशा वाळवीच्या कडक पट्ट्यात जमिनीलगतच्या फोमवर वेगळे निर्बंध आहेत. तिथे बोरेट मिसळलेला ईपीएस मागा. साइटवर पॅनेल आडवे, जमिनीपासून उचलून, झाकून ठेवा. कड एकदा भिजून फुगली की स्प्लाइन आत जात नाही आणि गँग ती हातोड्याने ठोकते.

ओएसबीऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड बोर्डाचे पॅनेल ‘आगीत जळत नाही, वाळवी लागत नाही’ म्हणून स्वस्तात देऊ केले जातात. आर 610 चे तक्ते त्यांना लागू नाहीत. स्वतंत्र अहवाल हवा. डेन्मार्कमध्ये 2010 ते 2015 या काळात इमारतींच्या बाहेरच्या बाजूला लावलेल्या अशा बोर्डांतून दमट हवेत क्षारयुक्त पाणी ठिबकलं आणि स्क्रू गंजले. बोर्डातल्या क्लोराइडबद्दल विचारल्यावर विक्रेता गप्प बसला तर तो सौदा सोडा.

आणि चाकण-रांजणगावकडे शेडला लागतात ते पफ पॅनेल म्हणजे हे नव्हे. त्यांना बाहेरून पत्रा असतो आणि भार लोखंडी सांगाडा घेतो. इंदूरच्या लाइट हाउस प्रकल्पातल्या सँडविच पॅनेलच्या भिंतीही लोखंडी सांगाड्यात भरलेल्या आहेत. गावाकडच्या फार्महाउसला वापरलेल्या पफचा दर सिपच्या कोटेशनशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

अ‍ॅडव्हान्स देण्याआधी कारखान्याकडून मागायचं ते एवढं: मूल्यमापन अहवाल पूर्ण, त्यावरची वैधतेची तारीख बघून, तपासणी संस्थेचं नाव, तुमच्या घराचे शॉप ड्रॉइंग, त्यात वायरिंगच्या नळ्या, बीमखालचे खांब आणि प्रत्येक जॉइंटवरच्या मॅस्टिकच्या रेघा दाखवलेल्या, आणि 75 अंशांचा आर-व्हॅल्यू. बिल्डरच्या करारात एक ओळ घाला की ब्लोअर डोअरची पहिली चाचणी ड्रायवॉल लागायच्या आधी होईल. तेव्हा पंखा चालू ठेवून जॉइंटवर धुराची पेन्सिल फिरवली की गळती कुठे आहे ते दिसतं, आणि टेपचा एक रोल व फोमचा एक कॅन एवढ्यात ती बंद करता येते.